सोळा नंबरच्या घरातली पावलं

किरपेकरांच्या बंद घरात रोज पहाटे कुणीतरी चालायचं.

गंमत अशी, की हे मायगावात कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते पुण्याला, बाणेरच्या एका अकराव्या मजल्यावर, मिलिंद किरपेकरांच्या मोबाइलला. ओढ्यापलीकडच्या गल्लीतलं त्यांचं सोळा नंबरचं घर आई गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं कुलूपबंद होतं. घरावर लक्ष राहावं म्हणून त्यांनी ‘एकसूत्र’ कंपनीची ‘पाऊल’ सेवा घेतली होती, आणि दिवसाचं पहिलं पाऊल पडलं की ती सेवा, रोज उजाडायच्या आधीच, त्यांना इमानेइतबारे कळवायची, ‘आपल्या घरात एक व्यक्ती चालत आहे. काळजी नसावी.’

“काळजी नसावी काय, फाळके मॅडम? कुलूप लावलेल्या घरात माणूस चालतो आणि काळजी नसावी?” किरपेकर फोनवर कावून म्हणाले.

हर्षदा फाळके ही मायगावातली एकसूत्रची ‘स्थानिक सहयोगी’. म्हणजे काय, तर कंपनीच्या ‘सखी’ नावाच्या बोलक्या यंत्राला जी तक्रार उमगत नाही, ती हिच्या माथी. किरपेकरांची किल्ली घेऊन ती दोनदा जाऊन आली. फरशीवर बोटभर धूळ, आणि धुळीत माणसाचं पाऊल सोडाच, पालीची शेपटीही उमटलेली नव्हती. खिडक्या तिनं स्वतःच्या हातानं लावल्या, कड्या घातल्या. भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता, पण कुतूहल दांडगं. तिनं चार महिन्यांच्या नोंदी मागवून वेळा कागदावर उतरवल्या, तर आणखीच नवल. भूत रोज एकाच वेळी उठत नव्हतं. जूनमध्ये ते साडेचारला उठायचं, सप्टेंबर सरता सरता पाचच्या पुढे. दिवस लहान होत गेला तसतसं तेही उशिरा उठू लागलं होतं. सूर्याकडे बघून दिनक्रम आखणारं भूत हर्षदानं आजवर ऐकलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी पावलं मोजायची ही भानगडच नव्हती. मायगावात तेव्हा दोन केबल होत्या. ओढ्याअलीकडे हर्षदाची ‘जानाई केबल’, पलीकडे रज्जाक आतारांची ‘नूर केबल’. दोघांना सिग्नल पुरवणाऱ्या मोठ्या कंपन्याही दोन आणि एकमेकींच्या हाडवैरी, त्यामुळे गावाचं बरं चाललं होतं. एकीनं दर वाढवला की दुसरी उतरवायची. एकीचं इंटरनेट रखडलं की गिऱ्हाईक पूल ओलांडून दुसरीकडे अर्ज टाकायचं, आणि मग पहिलीची माणसं शिडी घेऊन पळत यायची.

रज्जाकचाचा तसे हर्षदाचे प्रतिस्पर्धी. पण नवरा अचानक गेल्यावर काचेची तार जोडायला तिला शिकवलं ते त्यांनीच. “धंदा कमी झाला तरी चालंल, पोरी, जोड कच्चा नको,” असं म्हणायचे. जमिनीतल्या नळीतून केबल ओढताना एक माणूस या टोकाला आणि एक त्या टोकाला असतो. मध्ये वळणं असतात, दिसत नाही, हाक पोचत नाही. मग नळीवरच ठोकायचं. दोन ठोके म्हणजे थांब. तीन ठोके म्हणजे मी इथं आहे, ओढ. ही भाषाही तिला चाचांनीच शिकवली होती.

पुढे त्या दोन हाडवैरी कंपन्यांचं लग्न लागलं आणि एकसूत्र जन्माला आली. ग्राहकांचा फायदाच फायदा, असं पानभर जाहिरातीत छापून आलं. गावात आलं ते एकच पॅकेज, एकच दर आणि बिघाड झाला की एकच सखी. ती मुंबईत की मंगळावर, कुणास ठाऊक. तिथून ती मायगावच्या शेडगे आजोबांना मोडेम बंद करून चालू करायला सांगायची. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. रागावून जायचं म्हटलं तरी पुलापलीकडेही तीच बसलेली होती.

कंपनीनं दोन्ही केबलवाल्यांना करार धाडला. सही करायची तर दोघांनी मिळून, अटी घालून, असं हर्षदा आणि चाचांचं ठरलं होतं. हर्षदानं एकटीनं आधी केली. मुलीचं कॉलेज होतं, मन घाबरलं होतं. कारणं शंभर होती, पण केली हे खरं. तिची सही झाल्यावर चाचांच्या हातात ताणून धरायला काही उरलंच नाही. त्या दिवसापासून ते तिच्याशी बोलले नाहीत, आणि त्यांच्या दारावरून जाताना ती मान खाली घालू लागली.

कंपनीला हाव होती ती जमिनीत पुरलेल्या तारांची. ही तार काचेची, केसाएवढी. तिच्यातून उजेडाचे ठिपके धावतात आणि त्यावर आपले सिनेमे नि व्हिडिओ कॉल चालतात, हे शेंबडं पोरही सांगेल. पण काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात बारीक बारीक दोष असतातच. प्रत्येक दोषावर आपटून उजेडाचा किंचित अंश मागे फिरतो. जमिनीवर कुणी पाऊल टाकलं की माती हलते, तार कल्पनाही करता येणार नाही इतकी थोडी ताणली जाते आणि मागे फिरणाऱ्या उजेडाचा ताल चुकतो. ती चूक वाचता आली की अख्खी तार हाच एक मैलोगणती लांब कान होतो. आवाज कुठून आला ते कसं कळायचं? विहिरीत खडा टाकून ‘डुबुक्’ ऐकू यायला किती वेळ लागला यावरून खोली ताडतात, तसंच. उजेड काचेतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर पळतो. तो जाऊन परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं, त्यावरून तारेवरचं अंतर काढायचं, आणि तेवढ्या अंतरावर नकाशात कुणाचं घर आहे ते पाहायचं.

पूर्वी असले उद्योग भूकंपाचे अभ्यासक करायचे. सगळ्या तारा एका हातात आल्यावर गावंच्या गावं ऐकू येऊ लागली, आणि एकसूत्रनं ऐकू आलेली पावलं विकायला काढली. घराघरात म्हातारी माणसं एकटी आणि मुलं शहरात, तेव्हा मागणीला तोटा नव्हता.

चाचांची मुलगी यास्मिन नाशिकला नर्स होती. गेल्या वर्षी तिचा हर्षदाला फोन आला.

“ताई, अब्बा माझा फोन उचलतात तर उचलतात. तुमच्याशी बोलत नाहीत ते मला माहितीय. निदान त्यांची पावलं तरी मला दिसू द्या.”

हर्षदानं जातीनं लक्ष घालून तेरा नंबरच्या त्या घराला सेवा जोडून दिली आणि वर शब्द दिला, “मी आहे इथं. चाचांना मी एकटं पडू देणार नाही.” पापाचं थोडं परिमार्जन झालं, असं तिला वाटलं होतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी किरपेकरांचा आवाज फोनवर एकदम मोकळा झालेला.

“मॅडम, उपाय झाला! शनिवारी गुरुजींना पाठवून अंगणात उदकशांत करून घेतली. रविवारपासून घरात एक पाऊल नाही. तुम्हा तंत्रज्ञांचा विश्वास नसेल, पण अनुभव हा अनुभव असतो.”

“असंल की,” हर्षदा म्हणाली. तिला हसू आलं, आणि थोडं वाईटही वाटलं. चार महिने सांभाळलेलं कोडं गुरुजींनी एका सकाळी सोडवून टाकलं होतं.

त्याच दुपारी यास्मिनचाही फोन. तीही खुशीत.

“ताई, काल अब्बा सात हजार पावलं चालले! सखी म्हणते, प्रकृती उत्तम. मध्येच तर पळाल्यासारखं दाखवत होतं.”

“पळाल्यासारखं?”

“हो ना! गुडघ्याचं तेल लागू पडलं बहुतेक.”

चाचा वीस वर्षांपूर्वी उघड्या चेंबरमध्ये पडले होते, तेव्हापासून डावा पाय ओढत चालायचे. ते घरातल्या घरात पळताहेत हे चित्र काही हर्षदाच्या डोळ्यांपुढे येईना. यंत्राला पायातलं काय कळतंय, असं म्हणून तिनं तो विचार बाजूला सारला. तिथंच तिनं उठायला हवं होतं, हे तिला पुढे फार दिवस टोचत राहिलं.

मंगळवारी सकाळी नऊला ती किरपेकरांची तक्रार बंद करायला बसली.

“उदकशांत या उपायाने अडचण दूर झाली, अशी नोंद करू का?” सखीनं गोड आवाजात विचारलं.

हर्षदाचा हात बटणावर थांबला. भूत आलं कुठून हे कळलं नव्हतं, निदान गेलं कुठं हे तरी कळावं.

“रविवारपासून सोळा नंबरात काहीच आवाज नाही?”

“मानवी हालचाल नाही.”

“आणि बिनमानवी?”

“खिडकीची झडप आपटते. रविवारी पहाटेपासून दोनशे अकरा वेळा. दुर्लक्ष करण्यात आले आहे.”

खिडक्यांना कड्या होत्या. तिनंच घातल्या होत्या.

“ऐकव मला.”

यंत्रानं थरथरीचा आवाज करून ऐकवला. ठक्, ठक्, ठक्. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा ठक्, ठक्, ठक्.

तीन ठोके. मी इथं आहे, ओढ.

“शेवटचा कधीचा?”

“आज सकाळी सात वाजून चाळीस मिनिटे. तीव्रता कमी होत आहे. नोंद बंद करू का?”

ती उत्तर न देता बाहेर पळाली. स्कूटर चालू करताना तिच्या डोक्यात एकच घोळ होता. हे ठोके गावात तिच्याशिवाय एकाच माणसाला येत होते, पण तो माणूस किरपेकरांच्या बंद घरात कसा? आणि यास्मिनच्या मोबाइलवर तर तो सात हजार पावलं चालून आला होता.

पुलावर तिला केबलच्या चेंबरचं सिमेंटचं झाकण दिसलं, आणि तिनं करकचून ब्रेक दाबला.

महापुराच्या वर्षी तिची तार या पुलाखालून वाहून गेली होती. निम्मं गाव बंद. तेव्हा चाचांनी हेच झाकण उचलून आतून केबलचं भलंमोठं वेटोळं बाहेर काढलं होतं. “ह्यो माझा अजगर. शंभर मीटर. पाण्याचा भरवसा न्हाई, पोरी, हाताशी ढिली तार पायजे.” म्हणाले, आणि सगळी तार कापून तिला देऊन टाकली. तिच्या नवऱ्यानं मात्र एकेक मीटर जिवापाड जपून तार ताठ पुरलेली होती. ढील देणं तिच्या घराण्यात नव्हतं.

विलीनीकरणाच्या वेळी कंपनीच्या अर्जात एक रकाना होता, तारेची लांबी. चाचांनी अर्जाला हात लावायला नकार दिल्यावर त्यांच्या बाजूचाही अर्ज हर्षदानंच भरला. लांबी तिनं मोजली ती स्कूटरच्या मीटरवर, रस्त्यावरून. अजगराची तिला आठवण होती. पण तो तर आपणच संपवला, असं ती धरून चालली. खात्री करायची तर चाचांना विचारावं लागलं असतं, आणि त्यांच्यापुढे उभं राहायची तिला लाज वाटत होती.

तिनं डिकीतली सळई काढून झाकण उचकटलं. आत अजगर तसाच होता, गुबगुबीत, नवा कोरा. चाचांनी तो केव्हाच पुन्हा भरून ठेवला होता.

उजेडाला रस्ता माहीत नसतो. ओढ्याअलीकडून निघून तो या वेटोळ्यातूनही मुकाट्यानं शंभर मीटर फिरून पुढे जात होता, आणि नकाशाला वाटत होतं, आवाज शंभर मीटर पलीकडून आला. पुलापलीकडच्या गल्लीत शंभर मीटर म्हणजे बरोबर तीन घरं. सोळातली पावलं सोळातली नव्हतीच, ती तेरातली होती. सूर्याकडे बघून उठणारं भूत फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजाला उठत होतं. आणि तेराच्या नावावर यास्मिन जी पावलं बघत होती, ती दहा नंबरातली, पोलीसभरतीसाठी पहाटेपासून दोरीवर उड्या मारणाऱ्या शेडग्यांच्या ऋतुजाची.

रविवारी उदकशांतीनं भूत गेलं नव्हतं. भूत पडलं होतं.

चाचांच्या घराच्या डाव्या-उजव्या अंगाची घरंही पुणेकरांची, कुलपं लावलेली. हर्षदानं हाका मारल्या, मग ऋतुजाला बोलावून आणलं, आणि त्या पोरीनं मागच्या भिंतीवरून उडी मारून कडी काढली. मोरीच्या ओल्या फरशीवर चाचा आडवे पडले होते. नमाजाआधी हातपाय धुताना, वजू करताना, पाय घसरला होता. कमरेखालचं अंग हलत नव्हतं, गारठून ओठ निळे पडले होते. नळ हाताच्या टप्प्यात होता, एवढीच काय ती मेहरबानी. हातात पितळी लोटा होता आणि लोट्याचा काठ चेपला होता.

त्यांनी डोळे उघडले. तीन वर्षांनी ते तिच्याशी पहिलं वाक्य बोलले.

“किती येळ गं? दोन दिस ठोकतोय.”

“चाचा, यंत्र म्हणलं खिडकी आपटतीय,” हर्षदा म्हणाली, आणि त्यांचं डोकं मांडीवर घेऊन तिथंच ओल्यात बसून ढसाढसा रडली.

साताऱ्याच्या हॉस्पिटलात खुब्याचं ऑपरेशन झालं. यास्मिन रात्रभराचा प्रवास करून आली होती.  बापाच्या पायांवर हात ठेवून बसून राहिली. जणू ही पावलं खरोखर त्यांचीच आहेत ना, याची खात्री करत होती. दुसऱ्या दिवशी हर्षदानं दोघांपुढे सगळं सांगितलं. अर्ज, स्कूटरचं मीटर, सगळं.

“चूक कंपनीची न्हाई, माझी हाय, चाचा. मी तुम्हाला इचारायला पाहिजे होतं.”

“मग इचारलं का न्हाईस?”

“कुठल्या तोंडानं इचारू? सही मी आधी केली.”

चाचांनी उशीवरची मान तिच्याकडे वळवली.

“सहीचा राग आला होता मला. खोटं कशाला बोलू? पर तो सहा महिन्यांत गेला. नंतर मी वाट बघत होतो. म्हणलं, हिला तारेची लांबी लागंल, चेंबरांची माहिती लागंल, कवातरी येईल इचारायला. तर तू स्कूटरीवनं मोजून मोकळी!” ते हसायला गेले आणि कळ आली म्हणून थांबले. “मोरीत पडलो तवा म्हणलं, यास्मिन सांगायची तार पावलं ऐकती, तर ठोकेबी ऐकंल; दुसरं कुणी ऐको न ऐको, त्या तारेच्या टोकाला आपली पोरगी बसलीय. तिला तीन ठोके कळतील.”

 हर्षदानं त्यांच्या पायांवर डोकं टेकलं.

तिनं कंपनीला अजगराची लांबी कळवली. आठ दिवसांनी सखीचं उत्तर आलं. सर्व अनावश्यक वेटोळी कापून टाकावीत. तोवर नकाशा-दुरुस्तीची विनंती रांगेत आहे, अंदाजे कालावधी पाच महिने. हर्षदानं ते चाचांना वाचून दाखवलं. चाचा म्हणाले, “रांगेत राहू दे. अजगराला हात लावायचा न्हाई. पुढच्या पुराला सखी पोहत येणाराय का?” आणि हर्षदानं, एकसूत्रच्या स्थानिक सहयोगीनं, आयुष्यात पहिल्यांदा कंपनीला लेखी ‘नाही’ कळवलं. कंपनीनं त्या नकाराला एक क्रमांक दिला आणि तोही रांगेत लावला.

दीड महिन्यानं चाचा वॉकर घेऊन घरी आले. यास्मिननं नाशिकला न्यायचा हट्ट धरून पाहिला, पण चाचांनी गल्ली सोडली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सकाळी किरपेकरांचा फोन.

“मॅडम, पुन्हा सुरू झालं! आणि आता, सांगायला लाज वाटते, पण यंत्र म्हणतंय की त्याला तीन पाय आहेत!”

हर्षदानं त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं.  आता हा माणूस पैसे परत मागणार, असं तिला वाटलं.

“म्हणजे ते रज्जाकभाई होते होय,” किरपेकर हळूच म्हणाले. “आईच्या शेवटच्या आजारपणात आमचा टीव्ही बिघडला की भरपावसात यायचे. मॅडम, एक करता येईल? ही पावलं मला अशीच दिसू देत. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या घरात कुणी उठतंय असं वाटत होतं. भीती वाटायची, पण रोज वाटही बघायचो.”

“अन् यास्मिनला?”

“तिला माझा पासवर्ड देऊन टाका. बाप तिचाच आहे.”

तेव्हापासून नाशिकची यास्मिन आणि बाणेरचे किरपेकर रोज पहाटे एकाच बंद घराकडे डोळे लावून बसतात. वॉकरचा एक ठोका, मग एक पाऊल, मग ओढलेलं दुसरं. नमाज झाला की पावलं अंगणात येतात आणि थांबतात. मग चाचा वॉकर उचलून फरशीवर तीनदा आपटतात.

हर्षदाच्या पडद्यावर सखी रोज न चुकता नोंद करते, ‘सोळा नंबर, खिडकीची झडप आपटते. दुर्लक्ष करण्यात आले आहे.’

हर्षदा गॅस बंद करते, चहा थर्मासात ओतते आणि स्कूटरची किल्ली उचलते.